सेवा कीं सावड?

लग्नविधि लावतांना वधूवरांकडून जें वचन घेतात त्यांत आरोग्याबरोबर आजाराचाही उल्लेख आहे, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. हें वचन मीं आजवर पुष्कळ जोडप्यांकडून म्हणवून घेतलें, आणि २००४ सालीं स्वतःही म्हटलें. परंतु आजारांतील सोबतीचा अर्थ काय, आणि ती करणारानें स्वतःस काय समजावें, याचा विचार करण्याची पाळी मजवर २०२३ च्या जानेवारींत आली. त्या महिन्यांत माझ्या पत्नीच्या हृदयाची झडप बदलण्याची शस्त्रक्रिया झाली. पुढें तीन महिने मीं तिची जी शुश्रूषा केली तिच्याबद्दल मंडळींत माझी फार वाखाणणी झाली. ती वाखाणणी मला घेतां येत होती काय, असा माझ्यापुढें प्रश्न आहे, आणि तो माझा एकट्याचा नाहीं असें वाटल्यावरून येथें मांडीत आहें.

आजाराची हकीकत थोडक्यांत सांगतों, कारण आपल्या खेड्यांतून तो आढळतो. लहानपणीं घसा दुखून ताप येतो, मग गुडघे, घोटे, कोपरे एकामागून एक सुजतात, आणि कांहीं दिवसांनीं सर्व बरें झालेंसें वाटतें. वस्तुतः घशांतील जंतूंशीं लढतां लढतां शरीर स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर घाव घालीत असतें, आणि असा ताप पुनःपुन्हां आला म्हणजे झडप जाड व ताठर होत जाते. हृदयाच्या डाव्या बाजूस दोन कप्प्यांमध्यें जी झडप आहे, तिचें तोंड अरुंद होण्याचा विकार पुरुषांपेक्षां स्त्रियांत अधिक दिसतो. वर्षानुवर्षें तो गुपचूप राहतो. मग एखाद्या बाळंतपणांत, किंवा चढण चढतांना, दम लागूं लागतो. माझी पत्नी हापशावरून पाणी आणतांना वाटेंत हंडा कठड्यावर टेकवून उभी राही. मी त्यास अशक्तपणा म्हणत असें. एकदां आळसही म्हटलें.

शस्त्रक्रियेंत छातीचें मधलें हाड करवतीनें उभें कापतात, रक्त यंत्रांतून फिरवितात, हृदय थांबवून जुनी झडप काढतात व कृत्रिम झडप शिवतात, आणि शेवटीं पोलादी तारांनीं हाड बांधून टाकतात. खर्चाचा भार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेनें उचलला, हें कृतज्ञतेनें नमूद करतों. परंतु घरीं आल्यानंतरच्या तीन महिन्यांच्या चुलीला आणि पाण्याला कोणतीही योजना नाहीं.

इस्पितळांतून निघतांना एक कागद मिळाला. त्यावर असें होतें कीं, पहिले सहा ते आठ आठवडे दोन-तीन किलोंहून जड कांहीं उचलूं नये, ढकलूं नये, ओढूं नये, उताणें निजावें, खोकतांना उशी छातीशीं घट्ट धरावी, उठतांना हातांवर भार देऊं नये. आतां आपल्या घरची स्त्री सकाळपासून काय काय उचलते तें पाहा. हंड्यांत बारा लिटर पाणी मावलें तर बारा किलो झाले, धातूचें वजन निराळें. ओलें लुगडें पिळणें, जनावराला वैरण टाकणें, भाकरीचें पीठ मळणें, रांगतें मूल कडेवर घेणें, यांपैकीं कोणतें काम त्या कागदाच्या मर्यादेंत बसतें?

पेत्राची सासू तापानें पडली होती, प्रभूनें हात धरून तिला उठविलें, आणि ताप जातांच ती सर्वांची सेवा करूं लागली, हा वृत्तांत आपण ऐकला आहे. मीं त्यावर दोन-तीन वेळां उपदेश केला आहे, आणि प्रत्येक वेळीं बायका बसतात त्या बाजूकडे पाहून म्हटलें आहे कीं, बरी झालेली स्त्री पहिल्यानें चुलीपाशीं जाते. आज मला त्या उपदेशाची लाज वाटते. त्या बाईचा ताप एका क्षणांत गेला होता. करवतलेलें हाड एका क्षणांत सांधत नाहीं. तें धरावयास सहा ते आठ आठवडे, व पुरतें जुळावयास सुमारें तीन महिने लागतात. शिवाय मूळ वृत्तांतांत कोणीं तिला ऊठ आणि वाढ असें सांगितलेलें नाहीं. तें आम्हां उपदेश करणारांचें पदरचें आहे. आपल्या गांवांत पुरुषाची शस्त्रक्रिया झाली म्हणजे तीन महिने त्याला खाटेवरून तांब्या घेऊं देत नाहींत. तीच बाईची झाली म्हणजे पंधरा दिवसांत ‘आतां हिंडती-फिरती झाली’ असें म्हणून तिच्या हातीं कळशी देतात. दोघांचें हाड एकाच वेगानें सांधतें.

इतकें तरी मला कळलें होतें, म्हणून मीं कंबर बांधली. पहाटे पाणी भरलें, भाकरी थापावयास शिकलों. (माझ्या पहिल्या आठवड्याच्या भाकऱ्या कुत्र्यानेंही जपून खाल्ल्या.) तीन गोळ्यांच्या त्या प्लास्टिकच्या यंत्रांत ती श्वास ओढी तेव्हां कितवी गोळी वर गेली तें मोजलें. तिला हात डोक्यावर नेतां येत नव्हते, म्हणून तिची वेणीही मीं घातली. पहिल्या दिवशीं तिनें दार लावून घ्यावयास सांगितलें. तिला कसली लाज वाटत होती तें मीं विचारलें नाहीं; मला मात्र कोणी पाहत नाहीं याचें किंचित् वाईट वाटलें, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.

कारण पाहणारे लवकरच आले. समाचाराला मंडळींतील बायका येत, मी चहाचे पेले पुढें करी, आणि त्या माझ्या पत्नीला म्हणत, ‘बाई, असा मालक मिळायला भाग्य लागतें.’ ती मान खालीं घालून ‘हो’ म्हणे. दिवसांतून दोनदां, तीनदां हा प्रसंग येई. एका रविवारीं आमच्या घरीं जमलेल्या प्रार्थनेंत एका वडील बंधूंनीं माझ्या स्वार्थत्यागाबद्दल देवाचे आभार मानले. पत्नी उशी छातीशीं धरून भिंतीला टेकून बसली होती. तिनेंही आमेन म्हटलें. तें दुसऱ्यांच्या मागून आलें, हें माझ्या कानांनीं टिपलें आणि मला राग आला. एवढें करूनही हिला कदर नाहीं, असा तो राग होता.

आतां एक जुनी गोष्ट सांगितल्यावांचून हा प्रश्न उलगडत नाहीं. आमच्या शेजारच्या गांवच्या एका उपदेशक-बंधूंची त्यापूर्वीं कांहीं वर्षें बायपासची शस्त्रक्रिया झाली होती. म्हणजे पायांतली शीर काढून हृदयावर जोडली, आणि छाती व पाय अशा दोन जखमा घेऊन ते घरीं आले. त्यांच्या बाईंनीं तीन महिने त्यांच्या खाटेखालीं जमिनीवर अंथरूण घातलें. सकाळीं पायाची सूज पाहून त्या खुरपणीला जात, दुपारीं येऊन बिनमिठाची भाजी करीत, संध्याकाळीं धार काढीत. मी समाचाराला पांच-सहा वेळां गेलों. प्रत्येक वेळीं खाटेपाशीं बसलों, प्रार्थना केली, चहा प्यालों. तो चहा कोणीं केला हें माझ्या ध्यानांत आलें नाहीं. त्या उपदेशकांना ‘अशी मालकीण मिळायला भाग्य लागतें’ असें मींही म्हटलें नाहीं, आणि दुसऱ्या कोणीं म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं. एकच काम एकीनें केलें तर तें दिसत नाहीं, आणि दुसऱ्यानें केलें तर त्यासाठीं देवाचे आभार मानतात. हा फरक कामांत नव्हे, आपल्या नजरेंत आहे.

आणि माझेंही काम मींच केलें होतें काय? पांचव्या आठवड्यांत शाळेच्या बाई हजेरीची वही घेऊन आमच्या दारीं आल्या. आमची मुलगी तेव्हां आठवींत होती. त्या पांच आठवड्यांत ती सतरा दिवस गैरहजर होती. मी सभेला किंवा दुसऱ्या गांवच्या उपासनेला गेलों कीं घर तिच्यावर पडत होतें, आणि परत येऊन मी जी घासलेलीं भांडीं पाहत होतों तीं आपोआप घासलीं जात नव्हतीं. मुलगी म्हणाली, ‘बाबांना कूकरचें जमत नाहीं, म्हणून राहिलें.’ तिच्याबद्दलही कोणीं आभार मानले नव्हते. मुलगी असल्यामुळें तिचें काम कोणाच्या मोजणींतच नव्हतें, माझ्याही नाहीं. आपल्या मंडळींत पुष्कळ घरीं आईच्या आजारपणाचें खरें मोल मोठ्या मुलीच्या शाळेनें चुकतें केलें जातें. याबद्दल आपण उपदेशकांनीं घरोघर डोळे उघडे ठेवून फिरलें पाहिजे, असें मला वाटतें.

सहाव्या आठवड्यांत जें घडलें तें असें. एका संध्याकाळीं मी घरीं आलों तों पत्नी परात पुढें घेऊन दोन भाकरींपुरतें पीठ मळीत बसली होती. मीं परात ओढून घेतली आणि म्हणालों, ‘एवढा मी राबतों तो कोणासाठीं?’ ती कांहीं बोलली नाहीं. हात न धुतां भिंतीकडे तोंड करून निजली. दोन दिवस ती जेमतेम जेवली. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मन खचणें, कारणावांचून रडूं येणें, झोंप उडणें, अन्नाची चव जाणें, विसरणें, हें पुष्कळांना होतें. बहुतेकांचें कांहीं आठवड्यांत निवळतें, न निवळल्यास डॉक्टरांना सांगावयाचें असतें. हें मला इस्पितळांत सांगितलें होतें. तरीही मीं त्याला कृतघ्नपणा समजलों. तिसऱ्या दिवशीं ती एवढेंच म्हणाली, ‘तो कागद मला वाचूं द्या.’ तोंवर तो माझ्या खिशांत असे, आणि मी त्यांतलें एकेक वाक्य तिला वाचून दाखवीत असें. तिनें तो उलटला. मागच्या बाजूस काय करावें याची यादी होती: रोज थोडें थोडें चालणें वाढवावें, भाजी निवडावी, बसून हलकें स्वयंपाकाचें काम करावें, स्वतः अंघोळ करावी. पीठ मळण्याचें नांव त्यांत नव्हतें, तेवढ्यापुरता मी बरोबर होतों. पण ती बाजू मीं वाचली होती. तिला वाचून दाखविली नव्हती.

कां दाखविली नव्हती? भीतीमुळें, असें मीं तेव्हां सांगितलें, आणि तें खोटें नाहीं. रात्रीं घर निजलें म्हणजे तिच्या छातींतील नव्या झडपेचा टिक टिक असा आवाज ऐकूं येतो. त्या आवाजावर कान ठेवून मीं अनेक रात्री काढल्या आहेत, आणि जरा चुकल्यासारखा वाटला कीं घाम फुटे. परंतु भीतीच्या पोटांत आणखी एक गोष्ट होती. ती जितकी अधू, तितका मी मोठा दिसत होतों. ज्या घरांत वीस वर्षें मी पाहुण्यासारखा जेवलों, त्या घराचा मी एकदम कर्ता-करविता झालों होतों, आणि त्यांतून उतरावयास मन तयार नव्हतें.

येथें मूळ प्रश्न येतो. पतीनें पत्नीची किंवा पत्नीनें पतीची जी शुश्रूषा करावयाची, ती कोणत्या जातीची वस्तु आहे? उपकार म्हणावें, तर आजारी माणसाला प्रत्येक घासाबरोबर कृतज्ञतेचा एक घोट प्यावा लागतो. आणि जो उपकार करतो त्याला हुकूम करण्याचा हक्क आपोआप मिळाल्यासारखें वाटतें. ऋण म्हणावें, तर तिनें वीस वर्षें केलें तें मी तीन महिन्यांत फेडलें, असा हिशेब मांडण्याचा मोह होतो, आणि नवराबायको सावकार-कुळासारखीं वहींत बोट घालून बसतात. कोणी म्हणतील, प्रेम म्हणा म्हणजे झालें. पण प्रेम हा शब्द मी परात ओढतांनाही वापरूं शकलों असतों. अकराव्या रात्रीं तिसऱ्यांदा उठावें लागलें तेव्हां मनांत प्रेम मुळींच नव्हतें, नुसता कंटाळा होता, आणि तरी उठणें योग्यच होतें. कंटाळा येणें हें पाप आहे असें मला वाटत नाहीं. तो लपवून पुढें वसूल करणें मात्र पाप आहे.

आपल्या शेतकऱ्यांपाशीं याहून बरा शब्द आहे, तो सावड. आज तुम्ही आमच्या शेतांत, उद्यां आम्ही तुमच्या. सावडीला आलेल्या माणसाचे कोणी पाय धरीत नाहीं, त्याची मंडळींत स्तुति होत नाहीं. पण तो आला नाहीं तर त्याला गांवांत तोंड दाखवितां येत नाहीं. किती तास तुझे, किती माझे, असा काटेकोर हिशेबही कोणी ठेवीत नाहीं, कारण पुढच्या हंगामांत कोणाचा बैल लंगडेल हें कोणाला ठाऊक नसतें. आणि या शब्दांत जी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते ती अशी कीं, सावडीला आलेला माणूस कितीही राबला तरी शेत ज्याचें त्याचेंच राहतें. कोणत्या वाफ्यांत काय पेरावयाचें हें धनी सांगतो. मी सावडीला गेलों आणि शेताचा ताबाच घेऊन बसलों, असा माझा अपराध होता. माझ्या पत्नीचें शरीर, तिचा दिवस, तिची चूल, हें तिचें शेत होतें.

यावर एक हरकत रास्त आहे. रोगी स्वतःच्या हिताविरुद्ध वागत असेल तर काय करावें? ती हंडा उचलूं लागली तर गप्प बसावें काय? मुळींच नाहीं, हंडा हातांतून घ्यावा. परंतु हंडा आणि भाजीची जुडी यांत फरक करण्याची जबाबदारी आपली आहे, आणि तो करावयाचा तर कागदाच्या दोन्ही बाजू वाचाव्या लागतात. बोलून समजावणें आणि खिशांत कागद दडपून ठेवणें, हीं दोन निराळीं कामें आहेत.

ज्या यंत्रावर तिचें रक्त त्या दिवशीं फिरत होतें त्याची कथा मीं मागाहून वाचली. १९५३ सालीं ६ मे रोजीं अमेरिकेंत फिलाडेल्फिया शहरीं जॉन गिबन या शल्यवैद्यांनीं अठरा वर्षांच्या एका मुलीच्या हृदयांतील छिद्र शिवलें, आणि तेव्हां सव्वीस मिनिटें तिच्या हृदयाचें व फुप्फुसांचें सर्व काम यंत्रानें केलें. त्या यंत्राच्या मागें जवळजवळ वीस वर्षांचें खपणें होतें, आणि आरंभींच्या वर्षांत प्रयोगशाळेंत गिबन यांच्या शेजारीं उभें राहून खपणारी त्यांची पत्नी मेरी ही होती. यंत्र सर्व काम घेतें, अर्धेंमुर्धें घेत नाहीं. पण झडप शिवून होतांच डॉक्टर हळूहळू त्याचा प्रवाह कमी करतात आणि हृदयाला आपलें काम परत घेऊं देतात. तें हृदय पहिल्यानें अडखळतें. अडखळलें म्हणून कोणी त्याला जन्मभर यंत्रावर ठेवीत नाहीं.

काम परत देण्याची रीत मी अडखळतच शिकलों. सातव्या आठवड्यांत भाज्या तिच्याकडे गेल्या, पैशांचा डबा गेला. हापशाचा हंडा मात्र माझ्याकडेच राहिला, आणि तो परत मागण्याची तिला घाई दिसत नाहीं. यांत्रिक झडप बसविलेल्याला रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर रोज एका ठराविक वेळेला घ्यावी लागते, आणि रक्त तपासून एक आंकडा पाहावा लागतो. तिच्या झडपेला तो २.५ ते ३.५ असावा असें डॉक्टरांनीं सांगितलें आहे. कमी झाला तर झडपेवर रक्ताची गुठळी होण्याचें भय, फार वाढला तर रक्तस्राव होण्याचें. पालक, मेथी, कोथिंबीर यांनीं तो आंकडा हालतो. मीं प्रथम या भाज्या घरांतून हद्दपार केल्या होत्या. खरी गोष्ट अशी कीं त्या वर्ज्य नाहींत, फक्त दर आठवड्यास साधारण सारख्या प्रमाणांत असाव्या. दुकानांतून आणलेली दुखण्याची गोळी, गांवठी काढा, दांत काढणें, इंजेक्शन टोचणें, यांपैकीं कांहींही करण्यापूर्वीं या गोळीचें नांव सांगितलें पाहिजे. आणि तरुण जोडप्यांनीं मुलाचा विचार करण्याआधींच डॉक्टरांना भेटलें पाहिजे, कारण ही गोळी गर्भाला बाधते. हें सर्व त्या स्त्रीला स्वतःला पाठ असावें. नवरा नेहमींच जवळ असतो असें नाहीं.

मुलगी पुन्हां नेमानें शाळेला जाऊं लागली. कूकर मला आतां जमतो. समाचाराला येणाऱ्या बायका अजूनही कधीं कधीं भाग्याची गोष्ट काढतात. तेव्हां पत्नी मजकडे पाहून हंसते, आणि मी उठून बाहेर जातों.

गेल्या महिन्यांत रक्ततपासणीसाठीं तालुक्याला जावयाचें होतें. मी नेहमीप्रमाणें पिशवी घेऊन निघालों, तेव्हां ती म्हणाली, तुमची आज उपासनेची तयारी राहिली आहे, मी जाऊन येतें. मी थांब्यापर्यंत गेलों. एस.टी. गर्दीची होती, तिला बसावयास जागा मिळाली कीं नाहीं हें मला खालून दिसलें नाहीं. दिवसभर मीं कागदावर एक ओळ लिहिली नाहीं. संध्याकाळीं ती परत आली, येतांना मेथीची जुडी घेऊन आली. आंकडा २.८ होता. मला दाखविण्यापूर्वीं तिनें तो आपल्या वहींत उतरून घेतला होता.